काळ्या कातळाची पाण्याखालची बाजू

राजूरहून समुद्र लांब आहे, हे सांगायला नको. सरळ रेषेत मोजलं तर अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरच भरेल. पण मध्ये सह्याद्रीची धार आहे, आणि आपल्याकडचं पाणीसुद्धा जवळच्या समुद्राला जात नाही. घाटघरच्या कड्यावर पडलेला पाऊस वाऱ्याच्या मर्जीप्रमाणे एक तर खाली कोकणात उतरतो, नाही तर प्रवरेत येतो. प्रवरेतलं पाणी भंडारदऱ्याच्या धरणात साठतं, पुढे नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीला मिळतं आणि थेट आंध्रातून बंगालच्या उपसागराला जातं. अशा गावचा वाचक डोळ्यांपुढे ठेवून समुद्रतळाच्या भूभौतिकीवरच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहायची, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल. डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी आणि पेढ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावाचा जहाजांशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. तो सांगितल्याशिवाय समुद्रतळाचा अभ्यास करणारा माणूस आयुष्यभर नेमकं काय करतो, हेही नीट सांगता येत नाही.

दख्खनच्या पठारावर एकावर एक साचलेल्या लाव्ह्याच्या थरांची भूवैज्ञानिकांनी जी उतरंड लावली आहे, तिच्यातल्या सर्वांत खालच्या गटाचं नाव कळसूबाई उपगट. बारीच्या वाटेने ज्या शिखरावर आपण नवरात्रात चढतो, त्याचंच नाव. १९८०च्या दशकात मुंबईच्या आयआयटीतले के. व्ही. सुब्बाराव, पीटर हूपर आणि त्यांचे सहकारी सह्याद्रीतले घाट चढत-उतरत थराथरातला दगड गोळा करत होते. दिसायला सगळाच काळा कातळ. त्यात फरक काय करणार? त्यांनी दगडातल्या मूलद्रव्यांचं प्रमाण मोजलं आणि त्यावरून थर वेगळे केले. खालून वर जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर अशी त्यांची नावं आहेत. ही पाच मिळून कळसूबाई उपगट होतो. लोणावळ्याचे आणि वाई-महाबळेश्वरचे थर याच्याही वरचे, म्हणजे नंतरचे.

या भागातल्या पोराला हे पुस्तकाबाहेरही दिसतं, फक्त कुणी बोट दाखवायला हवं. घाटरस्त्यासाठी कापलेल्या दरडीत दोन काळ्या थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो. एक लाव्हा थंड झाला, त्यावर ऊन-पाऊस पडून माती झाली आणि मग पुढचा लाव्हा आला, याची ती खूण. काही थरांत बोटाच्या पेराएवढे, कधी त्याहूनही मोठे पांढुरके स्फटिक कातळात आडवेतिडवे रुतलेले दिसतात. हे फेल्डस्पारचे स्फटिक जमिनीखाली शिलारसाच्या कोठीत सावकाश वाढले आणि मग लाव्ह्याबरोबर वर आले. पोकळ्यांतल्या गारगोट्या तर सगळ्यांनीच खिशात भरल्या असतील. हे सारं घडलं साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आणि भूवैज्ञानिक कालमापनात ते फार थोड्या काळात आटोपलं.

आता अर्धी गोष्ट राहते, ती पाण्याखाली. हा लाव्हा वाहत होता त्याच सुमाराला आजचा भारताचा पश्चिम किनारा फाटत होता. सेशल्सची बेटं तेव्हा भारताला चिकटून होती. ती सुटली आणि मधल्या भेगेत नवा समुद्रतळ तयार होऊ लागला. तोच आजच्या अरबी समुद्राचा तळ. ज्या तप्त स्रोतावरून भूखंड सरकत असताना आपला कातळ ओतला गेला, त्याच स्रोताने पुढे लक्षद्वीप, मालदीव आणि चागोसची रांग मागे सोडली. १९८७ साली समुद्रात खोदकाम करणाऱ्या मोहिमेने या रांगेतून दगड वर काढले, तेव्हा दक्षिणेकडे जावं तसं त्यांचं वय कमी होत गेलेलं आढळलं. मालदीवजवळचा दगड सुमारे ५ कोटी ७० लाख वर्षांचा निघाला. रांगेचं टोक आहे रियुनियन बेट, आणि तिथला ज्वालामुखी आजही जागा आहे. कळसूबाईच्या पायथ्याचा दगड हा या साखळीतला उत्तरेकडचा दुवा आहे. भंडारदऱ्याला आलेल्या पर्यटकाला हे कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

समुद्रतळाच्या भूभौतिकशास्त्राचा सगळ्यात मोठा शोधही आपल्याच समुद्रावर लागला. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत अटलांटिक महासागराचा नकाशा छापला जातो म्हणून आपल्याला ते ठाऊक नसतं. अरबी समुद्राच्या दक्षिणेला पाण्याखाली एक पर्वतरांग आहे, कार्ल्सबर्ग रिज. १९२८ ते १९३० या काळात जगप्रदक्षिणेला निघालेल्या 'डाना' या डॅनिश जहाजाला ती सापडली आणि मोहिमेला पैसा देणाऱ्या बिअरच्या कारखान्याच्या प्रतिष्ठानाचं नाव तिला मिळालं. (विज्ञानाला पैसा कुठून येईल याचा नेम नसतो, पर्वतरांगेला दारूभट्टीचं नाव मिळालं म्हणून तिचं काही बिघडलं नाही.) १९६०च्या सुमाराला आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम सुरू झाली. आपल्या नौदलाचं 'किस्तना' हे जहाज तिच्यात होतं आणि ब्रिटिश नौदलाचं 'ओवेन'ही. नोव्हेंबर १९६२मध्ये 'ओवेन'वर ड्रमंड मॅथ्यूज हा केंब्रिजचा भूवैज्ञानिक होता. त्याने कार्ल्सबर्ग रिजच्या माथ्यावरचा सुमारे ५० बाय ४० सागरी मैलांचा तुकडा निवडला आणि त्याच्यावरून जहाज पुन्हा पुन्हा, समांतर रेषांत फिरवलं. पाण्याची खोली आणि चुंबकीय क्षेत्र सतत नोंदलं जात होतं.

ते आकडे वाचले मात्र दुसऱ्याने. फ्रेड व्हाइन हा त्याचा विशीतला विद्यार्थी त्याच वर्षी संशोधनाला लागला होता. त्याने केंब्रिजच्या एडसॅक-२ या संगणकावर त्या भागातल्या दोन बुडालेल्या ज्वालामुखी डोंगरांच्या चुंबकत्वाचं गणित केलं. एक डोंगर आजच्या चुंबकीय उत्तरेप्रमाणे चुंबकित होता, दुसरा बरोबर उलटा. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटतं, ही शंका तोवर जुनी झाली होती. फ्रान्समध्ये ब्रून्सने १९०६मध्ये आणि जपानमध्ये मातुयामाने १९२९मध्ये लाव्ह्याच्या दगडांवरून ती मांडली होती. समुद्रतळ मधल्या पर्वतरांगेपाशी तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो, ही कल्पनाही हॅरी हेस यांनी नुकतीच मांडली होती. व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. नवा तळ थंड होताना त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा घेऊन बसतो. क्षेत्र उलटलं की पुढचा पट्टा उलटा बसतो. मग रांगेच्या दोन्ही अंगांना सुलट-उलट पट्टे दिसायलाच हवेत. सप्टेंबर १९६३मध्ये 'नेचर'मध्ये हा लेख आला आणि फारसं कुणी लक्ष दिलं नाही. कॅनडात लॉरेन्स मॉर्ली यांना हीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली होती. त्यांचा लेख दोन नियतकालिकांनी परत पाठवला. १९६६मध्ये पॅसिफिकमधल्या 'एल्टानिन' जहाजाच्या नोंदी समोर आल्या. रांगेच्या एका बाजूची चुंबकीय रेघ दुसऱ्या बाजूच्या रेघेवर उलटी ठेवली तर दोन्ही जवळपास जुळत होत्या. त्यानंतर वाद फार दिवस टिकला नाही.

मॅथ्यूजचं नाव व्हाइनबरोबर घेतलं जातं हे बरं आहे. नाही तर या विषयात आकडे गोळा करणारा विसरला जातो, किंवा आकडे वाचणारा. मारी थार्प यांचं पाहा. अमेरिकेत लॅमाँट वेधशाळेत पुरुष सहकारी जहाजावरून खोलीच्या नोंदी आणत. बाईला जहाजावर घ्यायचं नाही अशी तेव्हाची पद्धत होती, म्हणून थार्प किनाऱ्यावर टेबलाशी बसून त्या नोंदी कागदावर चढवत. अटलांटिकच्या मधल्या रांगेच्या माथ्यावरून एक सलग दरी धावते हे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ओळखलं. त्यांचे सहकारी ब्रूस हीझन यांनी आधी ते उडवून लावलं आणि नंतर मान्य केलं. हिंदी महासागराच्या तळाचा १९६७मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक'ने छापलेला रंगीत नकाशा या दोघांच्याच कामावर उभा आहे. चित्रकार होते हाइनरिश बेरान.

मला या पेशाविषयी जे सांगायचं आहे ते इथे आलंच. समुद्रतळाचा भूभौतिकशास्त्रज्ञ म्हटलं की वर्तमानपत्रं लाटा, डेक, पाणबुडी यांचे फोटो छापतात. प्रत्यक्षात या माणसाच्या आयुष्यातले समुद्रावरचे दिवस थोडे आणि त्या दिवसांच्या नोंदी सोडवण्यात गेलेली वर्षं पुष्कळ. पुन्हा त्या नोंदी बहुधा दुसऱ्या कुणी, दुसऱ्या काळात घेतलेल्या. भूगोलाच्या तासाला हात वर करून 'मला समुद्रावर जायचंय' म्हणणाऱ्या मुलीला जहाजाचं चित्र दाखवायला हरकत नाही. पण पुढच्याच पानावर आलेखाची ती कंटाळवाणी, वळवळती रेघ दाखवावी. ती रेघ पाहून जिचं कुतूहल वाढतं, ती या कामाची.

जहाजावर काय चालतं ते थोडं जवळून पाहू. चुंबकमापक हे या विषयातलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात विलक्षण यंत्र. एका बाटलीत रॉकेलसारखं, हायड्रोजनने भरलेलं द्रव असतं, तिच्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. वेटोळ्यातून वीज सोडली की द्रवातले प्रोटॉन एका दिशेला वळतात. वीज तोडली की ते पृथ्वीच्या क्षेत्राभोवती डुलायला लागतात. डुलण्याचा वेग क्षेत्राच्या ताकदीवर ठरतो. आपल्याकडच्या समुद्रात तो सेकंदाला सुमारे सतराशे वेळा असतो. तेवढं मोजलं की क्षेत्र कळलं. पण जहाज लोखंडाचं. म्हणून हे यंत्र दोन-तीनशे मीटर लांब केबलला बांधून मागून ओढत न्यायचं. क्षेत्राची एकूण ताकद चाळीस हजार नॅनोटेस्लाच्या घरात, आणि आपल्याला हवी ती समुद्रतळाच्या दगडाने केलेली काहीशे नॅनोटेस्लाची, कधी त्याहूनही लहान, चढउतार. म्हणजे मापात घुसलेलं बाकी सगळं वजा करायला शिकणं, हाच पेशाचा गाभा.

त्या वजाबाकीत आपल्या अलिबागचा हात आहे. सूर्यामुळे वातावरणाच्या वरच्या थरांत विजेचे प्रवाह वाहतात आणि पृथ्वीवरचं चुंबकीय क्षेत्र दिवसभरात काही दशक नॅनोटेस्लांनी वरखाली होतं. जहाजावरच्या यंत्राला ते कळत नाही. तळाच्या दगडामुळे झालेला बदल आणि दुपारच्या उन्हामुळे झालेला बदल त्याला सारखेच. म्हणून किनाऱ्यावर एका जागी बसून रात्रंदिवस मोजणारी वेधशाळा लागते. मुंबईला कुलाब्यात अशी वेधशाळा एकोणिसाव्या शतकापासून होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा तिथल्या नोंदी बिघडणार हे उघड होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी अलिबागची जागा निवडली. १९०४मध्ये तिथे वेधशाळा सुरू झाली आणि कुलाब्याच्या जुन्या नोंदींशी सांधा जुळावा म्हणून काही काळ दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं. इमारतीला दगड आणला पोरबंदरचा. अलिबागच्या आसपास दगडाची वाण नव्हती. पण आपल्या काळ्या कातळात मॅग्नेटाइटचे कण असतात, आणि जो दगड स्वतःच चुंबक, त्याच्या भिंतीत चुंबकत्व मोजणार कसं? पुढे ही परंपरा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आली. संस्थेचं मुख्यालय आता नवीन पनवेलला आहे. आयुष्यभर एका खोलीतल्या सुईवर लक्ष ठेवणाऱ्या माणसांचं नाव कुठल्या शोधाला लागत नाही, आणि त्यांच्यावाचून एकही शोध लागत नाही.

चुंबकत्व हे एक अंग झालं. खोली मोजायला आवाज लागतो. पाण्यात तो सेकंदाला साधारण दीड हजार मीटर धावतो, म्हणून चार किलोमीटर खोल तळावरून प्रतिध्वनी यायला पाच सेकंदांहून जास्त वेळ जातो. पूर्वी जहाजाखालच्या एकाच रेषेवरची खोली मिळे. आता पंख्यासारख्या पसरलेल्या ध्वनिशलाकांनी रुंद पट्टाच्या पट्टा एका फेरीत मोजता येतो. तळाच्या आत डोकवायचं तर दाबलेल्या हवेचे बार उडवायचे आणि मागून ओढलेल्या लांबलचक केबलीतल्या पाण्याखालच्या कानांनी गाळाच्या थरांवरून परतणारे ध्वनी ऐकायचे. मुंबई हायचं तेल याच रीतीने हुडकलं गेलं. आधी सर्वेक्षणात खालची रचना दिसली, मग १९७४च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट'ने तिथे छिद्र पाडलं आणि मे १९७६पासून तेल निघू लागलं. तिथल्या चुनखडीच्या खाली कुठे कुठे लागतो तोही आपलाच काळा दगड.

भारतीय माणसाला हा पेशा म्हणून मिळू लागला तो हिंदी महासागर मोहिमेनंतर. मोहिमेतून जमलेलं साहित्य आणि तयार झालेली माणसं सांभाळायला १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचं घर आज गोव्यात दोनापावलाला आहे. पहिले संचालक एन. के. पणिक्कर हे जीवशास्त्रज्ञ होते. संस्थेचं पहिलं मोठं जहाज 'गवेषणी' १९७६मध्ये आलं, तेही मूळ एका बार्जचं रूप पालटून. याच जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी अरबी समुद्राच्या तळावरून पहिल्यांदा खनिज गोटे वर आणले. १९८३मध्ये जर्मनीत बांधलेलं 'सागर कन्या' आलं आणि भूभौतिकी सर्वेक्षणाला खरा वेग आला. पुढे मध्य हिंदी महासागरात मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असलेल्या गोट्यांसाठी भारताला १९८७मध्ये दीड लाख चौरस किलोमीटरचं क्षेत्र मिळालं. त्यातलं निम्मं पुढे राखून ठेवलं. २०२५मध्ये तर कार्ल्सबर्ग रिजवरच गंधकयुक्त खनिजं शोधण्याचा करार भारताने केला. खनिजांचा हा भाग पुस्तकात विस्ताराने आहे, म्हणून इथे थांबतो. एवढंच म्हणतो, की खाणीच्या आशेने मिळालेल्या पैशावर आपल्याकडचं पुष्कळसं शुद्ध संशोधन झालं, आणि दोन्ही बाजूंची मंडळी हे उघडपणे बोलत नाहीत.

या संस्थेच्या इतिहासात मराठी वाचकाला ओळखीचं नाव सापडतं ते अदिती पंत यांचं. जन्म नागपूरचा, वडील औंधच्या घराण्यातले अप्पासाहेब पंत. त्या १९८३-८४च्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिक मोहिमेत होत्या. त्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या तिथे गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया. पंतांचा विषय समुद्रातली सूक्ष्म वनस्पती, भूभौतिकी नव्हे. पण दारं उघडली ती सगळ्यांसाठी.

आपल्या विषयाच्या जास्त जवळचं नाव आहे पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे. ते समुद्रावर नव्हे, घाटावरच्या दगडावर काम करत. १९५६मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या ब्रिटनमधल्या संशोधकांनी दख्खनच्या लाव्ह्यात गोठलेल्या चुंबकत्वाची दिशा मोजून प्रसिद्ध केली. लगोलग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉइच, सी. राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी ते काम पुढे नेलं. रीत अशी : कातळातून दगडाचा तुकडा काढायचा, तो काढण्याआधी त्याची दिशा आणि कल नेमका खुणेने नोंदायचा, आणि प्रयोगशाळेत त्यातलं चुंबकत्व कुठे रोखलेलं आहे ते मोजायचं. चुंबकसुई विषुववृत्तावर आडवी राहते आणि ध्रुवाकडे जावं तशी अधिकाधिक कलते. म्हणून दगडातल्या चुंबकत्वाचा कल पाहून दगड कुठल्या अक्षांशावर थंड झाला ते काढता येतं. उत्तर आलं : सुमारे ३० अंश दक्षिण. आज आपण १९-२० अंश उत्तरेला आहोत. शिवाय खालच्या थरांमधलं चुंबकत्व बहुतांशी उलट दिशेचं. त्या काळी कुणी होकायंत्र घेऊन कळसूबाईवर उभं असतं, तर त्याची उत्तर दाखवणारी बाजू दक्षिणेकडे वळली असती.

भूखंड सरकतात हे मानायला तेव्हा बरेच मोठे लोक तयार नव्हते. कार्ल्सबर्ग रिजचे पट्टे अजून वाचले जायचे होते. म्हणजे समुद्राने साक्ष देण्याआधी घाटावरच्या कातळाने ती देऊन ठेवली होती. पुढे समुद्रतळाच्या पट्ट्यांवरून मॅकेन्झी आणि स्क्लेटर यांनी १९७१मध्ये हिंदी महासागराचा सगळा प्रवास मांडला, तेव्हा भारत लाव्ह्याच्या काळात वर्षाला पंधरा सेंटिमीटर किंवा त्याहून वेगाने उत्तरेला धावत होता आणि हिमालयाशी टक्कर सुरू झाल्यावर मंदावला, हे स्पष्ट झालं. जमिनीवरचे आकडे आणि समुद्रावरचे आकडे एकमेकांना मिळाले. सहस्रबुद्ध्यांसारख्यांचं काम शालेय पुस्तकात चार ओळींचं तरी मानकरी आहे, असं मला वाटतं.

वाटेविषयी थोडक्यात. राजूरच्या सर्वोदय विद्यामंदिरात किंवा देशमुख महाविद्यालयात शिकणाऱ्याने विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र आणि गणित सोडू नये. भूविज्ञान असेल तर उत्तम, नसलं तरी अडत नाही. पदवीनंतर 'जॅम'ची परीक्षा देऊन मुंबईच्या आयआयटीत उपयोजित भूभौतिकीची एम.एस्सी. करता येते, 'नेट' किंवा 'गेट'नंतर गोवा, पनवेल, हैदराबाद इथल्या संस्थांत पीएच.डी.; लोकसेवा आयोगाच्या भूवैज्ञानिक परीक्षेतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरी, ज्याची स्वतःची सागरी जहाजं आहेत; किंवा सरळ तेल कंपनी. पोहता येण्याची गरज लोक समजतात तेवढी नाही, संगणकावर प्रोग्रॅम लिहिता येण्याची मात्र पक्की आहे. आणि बोट लागते. बहुतेकांना लागते, दोन-तीन दिवसांत शरीर सरावतं, काहींचं कधीच सरावत नाही. अशी माणसं किनाऱ्यावर राहूनही या विषयात नावाजली आहेत.

आपल्या प्रवरेच्या पाण्याचाही या विद्येशी संबंध निघतो, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. २००६मध्ये भारताच्या वायु-हायड्रेट मोहिमेत 'जॉयडेस रिझोल्यूशन' हे खोदकाम करणारं जहाज आंध्रच्या किनाऱ्याबाहेर होतं. समुद्रतळाखाली बर्फात कोंडलेला मिथेन शोधायचा होता, आणि कुठे खोदायचं ते ध्वनिसर्वेक्षणाच्या नकाशांनी सांगितलं होतं. गोदावरीच्या मुखासमोरून वर काढलेल्या गाळाच्या एका नळीत गेल्या काही हजार वर्षांची नोंद सलग मिळाली. दख्खनचा कातळ वयाने लहान, पूर्व घाटाचे दगड अतिप्राचीन. दोन्हींतल्या निओडिमियम या धातूची ठेवण वेगळी. त्यावरून गाळ कुठला ते ओळखता येतं. लिव्हिउ जोसान आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये दाखवलं, की गेल्या तीनएक हजार वर्षांत दख्खनवरून वाहून गेलेली माती एकाएकी वाढली. हवा कोरडी होत होती, झाडोरा विरळ होत होता आणि नांगराखालची जमीन वाढत होती. अकोले तालुक्यातल्या डोंगरउतारांवर आज जे बांधबंदिस्तीचं काम चालतं, त्याची जुनी बाजू बंगालच्या उपसागराच्या तळाशी लिहिलेली आहे, आणि ती वाचली गेली ती वायू शोधायला निघालेल्या मोहिमेमुळे.

पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण लक्ष्मी खोऱ्यावर आहे, आणि काही वाचकांना ते जड जाईल. मुंबईच्या पश्चिमेला, काहीशे किलोमीटरवर, पाण्याखाली लक्ष्मी रिज नावाची एक बुटकी रांग आहे. भूपाल नैनी आणि माणिक तलवानी यांनी १९८२मध्ये तिची रचना मांडली. रांग आणि किनारा यांच्यामधलं खोरं म्हणजे लक्ष्मी खोरं. त्याच्या मध्यभागी तीन बुडालेले ज्वालामुखी डोंगर आहेत : रामन, पणिक्कर आणि वाडिया. प्रश्न एकच : या खोऱ्याच्या तळाशी ताणून पातळ झालेला भूखंडाचा कातळ आहे की समुद्राचा? १९९४मध्ये गोव्याच्या संस्थेतल्या जी. सी. भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी तिथे चुंबकीय पट्टे दाखवले आणि हा समुद्रतळच आहे, आपल्या लाव्ह्याच्या आधीपासून पसरत असलेला, असं म्हटलं. दुसऱ्यांना गुरुत्वाकर्षणाच्या मापांवरून ते पटत नव्हतं.

मार्च ते मे २०१५मध्ये तेच 'जॉयडेस रिझोल्यूशन' तिथे पोहोचलं. मोहिमेचे प्रमुख होते धनंजय पांडे आणि पीटर क्लिफ्ट. साडेतीन किलोमीटर पाण्याखाली, तळापासून पुढे सुमारे १,०९० मीटर गाळ पार केल्यावर कातळ लागला. वाटेत सिंधू नदीचा गाळ आणि त्याच्या खाली एका प्रचंड पाण्याखालच्या दरडीचा ढिगारा लागला. एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्यावरून घसरलेल्या या दरडीला नटराज हे नाव दिलं आहे. जगात ज्ञात असलेल्या मोठ्यात मोठ्या दरडींत तिची गणना होते. कातळात मात्र जेमतेम पंधरा-वीस मीटर उतरता आलं. तेवढ्या बेसॉल्टवर, म्हणजे काळ्या कातळावर, दहा वर्षं वाद चालू आहे. एका गटाला त्याच्या रसायनात एका भूपट्टिकेखाली दुसरी घुसू लागल्याच्या खुणा दिसतात, दुसरा गट ते साफ नाकारतो. दोन्ही बाजूंचे लेख मी वाचले. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण इतक्या थोड्या दगडावर कुणी पैज लावू नये.

आणखी खोल खोदल्याशिवाय हे सुटणार नाही, आणि 'जॉयडेस रिझोल्यूशन'ची सेवा २०२४मध्ये संपली. तिथून काढलेल्या दगडाच्या नळ्या जपानमधल्या कोची शहरातल्या भांडारात ठेवल्या आहेत (केरळातलं नव्हे). तिथून नमुना मागवता येतो. त्यासाठी जहाजावर गेलेलं असावं लागत नाही. अर्जात प्रश्न नेमका मांडावा लागतो, कुठला तुकडा, किती ग्रॅम आणि कशासाठी, ते लिहावं लागतं. लक्ष्मी खोऱ्याच्या कातळाशेजारी ठेवून पाहायला कळसूबाई उपगटाच्या सगळ्यात खालच्या थरांचे नमुने लागतील, आणि ते इथल्या डोंगरांत आहेत.